फातोर्ड्यावरची ती सहा मिनिटे

प्रश्न : २४ एप्रिल २०२४ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांच्यात इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. मी बारा वर्षांच्या मुलाला घेऊन तो पाहायला गेलो होतो. ८९व्या मिनिटापर्यंत आपण २-० असे पुढे होतो आणि घरी परतलो ते ३-२ असे हरून. मुलगा वाटेत एक शब्दही बोलला नाही. इतका काळ लोटला तरी तो मला एकच गोष्ट विचारतो, की सहा मिनिटांत तीन गोल होतातच कसे? मला त्याला नीट उत्तर देता आलेले नाही. आपण द्याल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपले पत्र वाचताना मला तो प्रवास जसाच्या तसा आठवला, कारण त्या रात्री मीही फातोर्ड्यावर होतो. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ ८८व्या मिनिटाला उठले होते. गर्दी होण्याआधी स्कूटर बाहेर काढावी म्हणून चावी त्यांनी हातात घेतली होती. पहिला गोल झाला तेव्हा ते पायऱ्यांवर थबकले, दुसऱ्या गोलला तिथेच खाली बसले आणि तिसरा झाल्यावर, सगळे मैदान रिकामे होईपर्यंत, ते त्याच पायरीवर बसून होते. चावी तशीच हातात होती. त्या सामन्याबद्दल कोणी विचारले की मला आधी ती मूठ दिसते.

आता आपल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. गोव्याच्या बोरिस सिंगने १६व्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसने ५६व्या मिनिटाला गोल केले. त्यानंतर ९०व्या मिनिटाला लालियनझुआला छांगटेने मुंबईचा पहिला गोल केला, पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच विजयी गोल केला. बहुतेक लोक या तिन्ही गोलांकडे एकच कोसळणे म्हणून पाहतात. मला ते तीन वेगळे प्रसंग वाटतात आणि खरा पराभव पहिल्या व दुसऱ्या गोलच्या मधल्या त्या एका मिनिटात झाला असे माझे ठाम मत आहे.

पहिला गोल कोणत्याही संघावर होऊ शकतो. छांगटेसारखा वेगवान खेळाडू समोर असताना, थकलेल्या बचावफळीकडून शेवटच्या मिनिटाला एखादी चूक होणे हा काही मोठा अपराध नव्हे. परंतु गोल झाल्यावर चेंडू मध्यवर्तुळात येतो आणि खेळ पुन्हा सुरू करण्याचा हक्क ज्या संघावर गोल झाला त्या संघाकडे असतो. म्हणजे २-१ झाल्यावर चेंडू गोव्याच्या पायाशी होता. सामना संपायला भरपाई वेळेची मोजकी मिनिटे उरली होती, आघाडी अजून आपलीच होती आणि चेंडूही आपलाच होता. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यातील झेंड्याकडे नेणे, तिथे अंगाने अडवून धरणे, थ्रो-इन मिळवणे, तो सावकाश घेणे, कर्णधाराने सगळ्यांना दोन शब्द सांगून श्वास घ्यायला लावणे, यांतले काहीही नियमाबाहेरचे नाही. मडगाव-म्हापशाच्या गावोगावच्या स्पर्धांत खेळणारी मुलेही हे करतात. तरीही जेमतेम एका मिनिटात तो चेंडू आपल्या गोलजाळ्यात होता. पहिल्या गोलने आपली आघाडी अर्धी केली, पण दुसऱ्या गोलने आपल्या खेळाडूंचा एकमेकांवरचा भरवसा काढून घेतला.

२-२ झाल्यावरही पुन्हा चेंडू आपलाच होता, हे आपल्या मुलाला अवश्य सांगा. ही दोन टप्प्यांची लढत होती, म्हणजे दोन्ही सामन्यांचे गोल मिळून निकाल लागणार होता, आणि परक्या मैदानावर केलेल्या गोलला या स्पर्धेत वेगळे वजन नव्हते. त्यामुळे २-२ अशी बरोबरी घेऊन पाच दिवसांनी मुंबईला जाणे म्हणजे सारे संपणे मुळीच नव्हते. कोरी पाटी घेऊन जाणे होते. त्या क्षणी बरोबरी ही चांगली गोष्ट आहे हे कोणीतरी खेळाडूंना ओरडून सांगायला हवे होते. पण ८९व्या मिनिटापर्यंत जिंकत आलेल्या संघाला बरोबरी हा पराभवच वाटतो, आणि तसे वाटले की पाय आपोआप पुढे धावतात व मागे मोकळी जागा उरते. तिसरा गोल मला त्या मनःस्थितीचे फळ वाटतो.

असे एकाएकी झाले का? नाही, आणि हेच मला अधिक बोचते. अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, २५ फेब्रुवारीला, कोचीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध गोवा पहिल्या १७ मिनिटांतच २-० असा पुढे होता आणि उत्तरार्धात चार गोल खाऊन ४-२ असा हरला होता. ज्या संघाने हंगामाच्या सुरुवातीला सलग १२ सामने पराभव पाहिला नव्हता, त्याच संघाची ही गत झाली. मधल्या काळात काय बदलले याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे. जानेवारीत आशियाई चषकात भारताकडून खेळताना संदेश झिंगन जखमी झाला आणि उरलेला हंगाम त्याला मुकावे लागले. झिंगन चेंडू किती वेळा अडवतो हे आकड्यांत मोजता येते. पण गोल झाल्यावर तो बाकीच्या बचावपटूंना जागेवर कसा उभा करतो, त्यांच्यावर कसा ओरडतो, ते मैदानात बसूनच कळते. ओडेई ओनाइंदिया हा चांगला बचावपटू आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु घाबरलेल्या संघाला दमात घेणारा आवाज त्या रात्री मला आमच्या बाजूला ऐकू आला नाही.

थकव्याचाही विचार करावा लागेल. साखळीत ४५ गुणांसह तिसरे आल्यामुळे गोव्याला २० एप्रिलला चेन्नईयिनविरुद्ध बादफेरीचा जादा सामना खेळावा लागला. तो आपण २-१ असा जिंकला आणि चौथ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरलो. मुंबई ४७ गुणांसह दुसरी होती, त्यामुळे ती थेट उपांत्य फेरीत आली आणि तिला १५ एप्रिलच्या शेवटच्या साखळी सामन्यानंतर नऊ दिवसांची विश्रांती मिळाली. साखळीतल्या दोन गुणांच्या फरकाची किंमत अशी ९०व्या मिनिटाला चुकवावी लागते. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत आपला संघ पावलापावलाने मागे सरकत होता असे मला बसल्या जागेवरून वाटत होते. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी सांगितले म्हणून तो मागे आला की पायांत त्राण नव्हते म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. मात्र चेंडू पायाशी ठेवून सामना थंड करणे हे ज्या संघाचे बलस्थान होते, त्याने नेमक्या त्याच वेळी चेंडू सोडून दिला, हे दुःख माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : मी मुंबई सिटीचा पाठीराखा आहे. फातोर्ड्याच्या सामन्याविषयी जो तो गोव्याने काय गमावले हेच सांगतो; मुंबईने काय कमावले हे कोणी सांगत नाही. हा अन्याय नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आहे, आणि आपण तो दाखवून दिलात हे बरे केलेत. मी गोव्याच्या बाजूने लिहितो म्हणून समोरच्याचे श्रेय नाकारणे मला शोभणार नाही.

त्या सामन्याच्या नऊ दिवस आधी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबईला केवळ एक बरोबरी पुरेशी होती; ती मिळाली असती तर लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाचा मान, मुंबईचे होते. मोहन बागानने तो सामना २-१ असा जिंकला आणि एका गुणाच्या फरकाने शिल्ड नेले. हंगामाच्या मध्यातच प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले होते आणि पेत्र क्रात्की यांनी संघ हाती घेतला होता. अशा संघाने फातोर्ड्यावर ०-२ झाल्यावर मान टाकली असती तरी कोणी त्याला दोष दिला नसता. त्याने मान टाकली नाही. पुढे २९ एप्रिलला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर तो २-० असा जिंकला, म्हणजे दोन्ही सामने मिळून ५-२. त्या पाच गोलांपैकी तीन एकट्या छांगटेचे होते. मग ४ मे रोजी त्याच सॉल्ट लेकवर, पूर्वार्धाच्या अखेरीस ०-१ असा मागे पडूनही, त्याने मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक उचलला. एकाच पंधरवड्यात दोनदा पिछाडीवरून जिंकणाऱ्या संघाला नशीबवान म्हणणे हा त्याच्या कष्टांचा अपमान ठरेल.

मात्र आमच्या दुखण्याचे मूळही आपण समजून घ्यावे. मुंबईकडून हरणे गोव्याला वेगळे लागते. २०१५ मध्ये याच फातोर्ड्यावर आम्ही मुंबईवर ७-० असा विजय मिळवला होता, ज्यात दुदू आणि थोंगखोसिम हाओकिप या दोघांनीही हॅट्ट्रिक केली होती. २०१९ च्या उपांत्य फेरीत आम्ही मुंबईत जाऊन ५-१ असे जिंकलो आणि दोन सामने मिळून निकाल लागला तोही ५-२ असाच, फक्त आमच्या बाजूने. तो संघ घडवणारे सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये आमच्याकडून गेले आणि मुंबईचे प्रशिक्षक झाले. त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मुर्तदा फॉल आणि आमचा स्वतःचा गोंयकार मंदार राव देसाईही गेला. पहिल्याच हंगामात त्यांनी शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकले, आणि चषकाच्या वाटेवर, २०२१ च्या उपांत्य फेरीत, दोन्ही सामने बरोबरीत सुटल्यावर पेनल्टींवर ६-५ असे हरवले ते आम्हालाच. आपल्या हातांनी लावलेल्या झाडाची फळे शेजारच्या अंगणात पडताना पाहणे कसे असते, ते त्या वर्षी आम्ही अनुभवले. २०२४ च्या त्या पराभवानंतर ज्याने दुसरा गोल केला होता तो ब्रँडनही मुंबईला गेला. खेळाडूने आपल्या पोटापाण्याचा आणि कारकिर्दीचा विचार करावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती बातमी वाचली त्या सकाळी माझा चहा तसाच थंड झाला, हेही खरे आहे.

प्रश्न : २०१५ ची अंतिम फेरी, २०१९ ची अंतिम फेरी, २०२४ आणि पुन्हा २०२५ ची उपांत्य फेरी. प्रत्येक वेळी गोवा शेवटच्या क्षणी हरला. आमच्या संघाच्या नशिबातच हे लिहिले आहे, असे आता वाटू लागले आहे. आपल्याला काय वाटते?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपली यादी बरोबर आहे आणि ती वाचून पोटात कालवते, हे मी कबूल करतो. तरी नशिबाचे म्हणणे मला पटत नाही, कारण या चारही पराभवांचे कूळ वेगवेगळे आहे.

२०१५ मध्ये फातोर्ड्यावरच चेन्नईयिनविरुद्ध ८७व्या मिनिटाला जोफ्रेने आपल्याला २-१ असे पुढे नेले होते. ९०व्या मिनिटाला आपल्या गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला आणि पाठोपाठ भरपाई वेळेत मेंडोझाने विजयी गोल केला. तिथे आनंद आवरला नाही आणि सावधपणा सुटला. २०१९ मध्ये बंगळुरूविरुद्ध अतिरिक्त वेळेत जाहूला लाल कार्ड मिळाल्याने आपण दहा जणांनिशी खेळत होतो, आणि सामना पेनल्टींवर जाणार असे वाटत असताना कॉर्नरवर राहुल भेकेने डोक्याने गोल केला. ती हार थकलेल्या, अपुऱ्या संघाची होती आणि तिच्याबद्दल मला खेळाडूंचा अभिमानच वाटतो. २०२५ मध्ये बंगळुरूत ०-२ असे हरल्यावर घरच्या सामन्यात आपण ८८व्या मिनिटापर्यंत २-० करून एकूण बरोबरी साधली होती आणि भरपाई वेळेत सुनील छेत्रीने डोक्याने गोल करून ती मोडली. तिथे आपण पाठलाग करत होतो, राखण करत नव्हतो. हातात आलेला सामना राखता न येण्याचा दोष २०१५ मध्ये आणि २०२४ मध्ये आहे, उरलेल्या दोहोंत नाही. एकच औषध चौघांना लागू पडणार नाही, म्हणून दुखणी वेगळी ओळखायला हवीत.

त्यातल्या २०२४ च्या दुखण्यावरचा उपाय सरावाच्या मैदानावर होतो. गोल खाल्ल्यानंतरची पहिली दोन मिनिटे कशी खेळायची, मध्यवर्तुळातून पहिला पास कोणाला द्यायचा, तो कोणत्या बाजूला न्यायचा, कोणी पुढे जायचे नाही आणि कोणी आवाज द्यायचा, हे कॉर्नर-फ्रीकिकसारखेच आधी ठरवून घोटून घेता येते. फोंड्याच्या वाचकांनी मुलाला पुन्हा फातोर्ड्यावर न्यावे असे मला मनापासून वाटते. आपल्यावर गोल झाला की चेंडूच्या मागे न पाहता त्याने आपल्या चार बचावपटूंकडे पाहावे. ते एकमेकांकडे तोंड करून बोलत असतील, तर तो सामना अजून आपल्या हातात असतो.