आधी सेटअपचा वेळ मोज

लीन (कारखान्यात वाया जाणारा वेळ नि माल कमी करायची पद्धत) सुरू करायचं म्हणून लगेच फलक रंगवत बसू नकोस. घड्याळ घे आणि एका मशीनवरचा सेटअप, म्हणजे एक काम संपवून पुढच्या कामासाठी मशीन तयार करणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून बघ. बराच वेळ पाना शोधण्यात नि क्रेनची वाट बघण्यात जातो. पुढचा डाय (साचा) जवळ आणून ठेवणं, त्याला लागणारे बोल्ट हाताशी ठेवणं ही कामं मशीन चालू असतानाच उरकायची. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा ४ तासांचा सेटअप आधी ९० आणि मग ३ मिनिटांवर आणला, तो याच वाटेने. वेळ वाचला की लॉट (एका सेटअपमध्ये काढायचा माल) लहान कर, नाहीतर नुसता साठाच वाढेल. आणि हो, ऑपरेटरला आधीच सांग की मोजतोय ते काम, त्याला नाही. न सांगता घड्याळ काढलंस, तर तो मुद्दाम सावकाश करेल. (मीही केलं असतं.)