पावसाळ्यात ब्लॉग गप्प, मग वाचक टिकवायचे कसे?

प्रश्न : डिचोली तालुक्यातल्या जत्रांत होणारी मराठी नाटकं आणि दशावतारी काले यांवर मी ब्लॉगरवर लिहिते. लिंक फेसबुकवर आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की दोन दिवस वर्दळ, मग सामसूम. पावसाळ्यात नाटकंच नसतात, त्यामुळे लिहिणंही थांबतं. कार्तिकात पुन्हा पहिल्यापासून वाचक गोळा करायचे. मुलगा म्हणतो, ‘फीड लाव.’ मला त्याचा काय उपयोग?
— एक वाचक, साखळी

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय, पण लावायचं काही नाही. ब्लॉगर प्रत्येक ब्लॉगचं फीड आपणहून तयार करतं. तुमच्या ताज्या लेखांची ती एक यादी असते, माणसांनी नव्हे तर अ‍ॅपनी वाचायची. वाचकानं फीडली किंवा इनोरीडर अशा फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या ब्लॉगचा पत्ता एकदा घातला, की ते अ‍ॅप अधूनमधून यादी तपासतं आणि नवीन लेख त्याच्यापुढे आणून ठेवतं. कुणाला काय दाखवायचं हे फेसबुक ठरवतं. इथे मधे कारभारी नाही.

म्हणूनच रोज लिहिणाऱ्यापेक्षा तुमच्यासारख्या हंगामी लेखकाला फीड जास्त उपयोगी, असं माझं मत आहे. माझ्या फीडलीत खाजन शेतीवर लिहिणारे एक गृहस्थ आहेत. वर्षाला दोन-तीन लेख, तेही कधी येतील याचा नेम नाही. ब्लॉग उघडून बघायची आठवण मला कधीच राहिली नसती, पण त्यांचा एकही लेख चुकलेला नाही. तुम्ही कार्तिकापर्यंत गप्प राहिलात तरी फीडवाल्या वाचकाला फरक पडत नाही. विठ्ठलापूरच्या त्रिपुरारी पौर्णिमेवर लिहिलंत की ते त्याच्यासमोर हजर.

अडचण आहे ती वेगळीच. गूगल रीडर हे फीड वाचायचं साधन 1 जुलै 2013 रोजी बंद झालं आणि पुष्कळांची फीड वाचायची सवय तिथेच सुटली. (फीड मेलं म्हणणारे पॉडकास्ट मात्र आवडीनं ऐकतात. तेही बहुतेक अशाच फीडवरून येतात!) तेव्हा कोपऱ्यात फीडचं नारिंगी चिन्ह ठेवून भागणार नाही. लेखाखाली सरळ लिहा: ‘पुढचा लेख कधी येईल ते नाटकवाल्यांनाच ठाऊक. फीडलीत या ब्लॉगचा पत्ता घालून ठेवा, आला की दिसेल.’ आणि जत्रेत पडदा वर जायला मध्यरात्र होतेच. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या रसिकाच्या फोनवर स्वतः पत्ता घालून द्या. असे थोडेच मिळतील, पण टिकतील. गावच्या ग्रुपवर लिंक टाकणं सोडू नका, तिथली माणसं अ‍ॅप घेणार नाहीत.

दोन गोष्टी तपासा. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये साइट फीड ‘पूर्ण’ ठेवा. अर्धा लेख दाखवून वाचकाला ब्लॉगवर ओढायचा मोह होतो. पण बसमधून वाचणारा अर्ध्यावर अडला की पुढच्या लेखाकडे वळतो. दुसरं म्हणजे शीर्षक. अ‍ॅपच्या यादीत बऱ्याचदा तेवढंच दिसतं. ‘जत्रेतलं नाटक, भाग 14’ कोण उघडणार? गावाचं आणि नाटकाचं नाव घाला.

प्रश्न : माझा पाककृतींचा वर्डप्रेस ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर नेतेय. फीडचे वाचक जातील का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : जुना पत्ता नुसता बंद केलात तर जातील, आणि त्यांना कळणारही नाही. जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 म्हणजे कायमचं रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर वळेल. बहुतेक फीड अ‍ॅप त्यामागोमाग नव्या जागी येतात. होस्टिंगवाल्याला सांगताना ‘फीडसकट’ हा शब्द विसरू नका, कारण मुखपृष्ठ तेवढं वळवून काम झालं म्हणणारे असतात. मग ब्लॉगच्या जुन्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ टाइप करा आणि ब्राउझरमध्ये उघडून पाहा. नव्या पत्त्यावर पोचलात तरच पुढची पाककृती टाका.