जुन्या इंग्रजी फॅमिली ट्रीमध्ये एकाच नावाची माणसं मिसळली असतील तर वेगळी कशी करायची?

तुमच्या नवऱ्याच्या घराण्याच्या ट्रीत 1720 च्या सुमाराला जन्मलेला एक जॉन आहे, त्याला एकाच वेळी दोन बायका दिसतायत, त्यातल्या एकीचं दफन फेब्रुवारी 1744 आणि तिच्याच मुलाचा बाप्तिस्मा मे 1744, आणि वर कुणीतरी "मुंबईत वारला" असंही चिकटवून दिलंय, असं तुम्ही लिहिलंय.

आधी ते मेलेल्या बाईला मूल झाल्याचं प्रकरण मिटवू, कारण तिथे बहुतेक माणसांचा घोळच नाहीये, तारखेचा आहे. इंग्लंडात 1752 च्या आधी नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणजे चर्चच्या रजिस्टरात मे 1744 आधी येतो आणि फेब्रुवारी 1744 त्याच्या नंतर, आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी 1745. बाई बाप्तिस्म्यानंतर नऊ महिन्यांनी गेली, बस. मूळ पान उघडलंत की नोंदींच्या क्रमावरून हे लगेच दिसेल, पण इंडेक्समध्ये (नोंदींच्या ऑनलाइन यादीत) नुसती सुटी तारीख असते आणि लोक तीच उचलतात.

दोन बायका हा मात्र खरा घोळ. हा बहुधा एक जॉन नाही, निदान दोन आहेत.

आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं म्हणून एका गावातले दोन पांडुरंग जोशी वेगळे तरी पडतात, तिथे साध्या माणसांना त्या काळात मधलं नाव जवळजवळ नसायचंच, आणि पोरांची नावं ठेवायची तर जॉन, विल्यम, थॉमस, फिरून फिरून तीच. त्यात एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचे. शेक्सपिअरच्या घरात जोन नावाच्या दोन बहिणी आहेत, पहिली 1558 ची, ती लहानपणीच गेली, दुसरी 1569 ची. आता तुम्ही "जोन शेक्सपिअर, स्ट्रॅटफर्ड" (स्ट्रॅटफर्ड म्हणजे त्यांचं गाव) असं सर्च केलं आणि पहिलाच बाप्तिस्मा उचलला तर एका मेलेल्या बाळाचं लग्न लावून मोकळे व्हाल. असल्या चुका ऑनलाइन ट्रीजमध्ये ढिगाने आहेत.

शेक्सपिअरचं नाव निघालंच आहे तर त्याच्या वडिलांचंच उदाहरण घ्या, तुमच्या केसला अगदी लागू पडतं. वडील जॉन, हातमोजे बनवणारे. 1709 मध्ये निकोलस रोने शेक्सपिअरचं चरित्र लिहिलं तेव्हा त्यांना दहा मुलं लिहून टाकली. खरी आठ. गावात जॉन शेक्सपिअर नावाचा एक मोचीही होता आणि त्याची पोरं ह्यांच्यात येऊन बसली. मग वेगळे कसे काढले? हातमोजेवाले जॉन 1568 मध्ये गावाचे बेलिफ झाले, म्हणजे साधारण नगराध्यक्ष म्हणा, आणि त्यानंतर रजिस्टरात त्यांच्या नावामागे "मिस्टर" लागायला लागलं. तेव्हा हा मान उठसूट कुणालाही मिळत नव्हता. 1580 मध्ये त्यांच्या मुलाचा, एडमंडचा बाप्तिस्मा झाला तिथे "मिस्टर जॉन" आहे. पण 1589 ते 1591 मध्ये उर्सुला, हम्फ्री आणि फिलिप अशी तीन मुलं येतात तिथे नुसता जॉन. शिवाय 1587 मध्ये "जॉनची बायको मार्जरी" पुरल्याची नोंद आहे आणि हातमोजेवाल्यांची बायको मेरी तर 1608 पर्यंत जिवंत होती. म्हणजे मार्जरी मोच्याची. नावात काहीच फरक नाही हो, फरक सगळा धंदा, मान आणि बायको यांच्यात!

उलटा प्रकारही होतो, एका माणसाची दोन होतात. 27 नोव्हेंबर 1582 ला वुस्टरच्या बिशपच्या रजिस्टरात शेक्सपिअरच्या लग्नाच्या परवान्याची नोंद आहे ती ॲन व्हेटली नावाच्या बाईशी, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच लग्नासाठी चाळीस पौंडांचा जामीन लिहिलाय त्यात ॲन हॅथवे, म्हणजे त्याची खरी बायको. यावरून लोकांनी त्याची एक फसवलेली प्रेयसी उभी केली. पण त्याच दिवशी त्याच कारकुनापुढे व्हेटली नावाच्या एका पाद्र्याचा दावा चालू होता, त्यामुळे बहुतेक डोक्यात तेच आडनाव असल्याने पेन घसरलं. आणि ॲन हॅथवेच्या वडिलांनी 1581 च्या मृत्युपत्रात मुलीला ॲग्नेस म्हटलंय, तेव्हा ॲन आणि ॲग्नेस सर्रास एकमेकांच्या जागी चालायचं. त्यामुळे तुमच्या दोन बायकांपैकी एक ॲन आणि एक ॲग्नेस असेल तर थांबा, एकच बाई असू शकते.

आता तुम्ही काय करायचं. ट्रीमधला जॉन सरळ मोडून टाका. जॉनच्या नावाची प्रत्येक नोंद सुटी लिहा आणि तिच्यासमोर गाव, धंदा, बायको, साक्षीदार, जे मिळेल ते. नाव सोडून दुसरं काहीतरी जुळलं तरच दोन नोंदी जोडायच्या, नाहीतर राहू दे सुट्या. आणि दफनाची नोंद आधी बघा, सगळे जन्म शोधत बसतात पण कोण कधी मेला हे कळलं की निम्मे जॉन आपोआप गळतात.

पुढच्या पिढीला एक सोय आहे. 25 मार्च 1754 पासून लग्नाच्या नोंदीवर नवरा, बायको आणि साक्षीदारांनी सही करायची असा कायदा आला, लिहिता येत नसेल तर फुली. त्यामुळे एक जॉन 1760 मध्ये झोकात सही करतो आणि दहा वर्षांनी "जॉन, विधुर" फुली मारतो, तर तो बहुधा दुसराच (आजारी किंवा हात मोडलेला असू शकतो, पण ते सिद्ध करा). स्कॅनवर सह्या शेजारी शेजारी लावून बघायला मला तर जाम मजा येते, जॉनमधल्या इंग्रजी J चं वळण माणूस सहसा बदलत नाही. साक्षीदारही बघा, मेव्हणे-भाऊ तिथेच सापडतात.

सगळ्यात भारी पुरावा म्हणजे मृत्युपत्र, कारण त्यात माणूस स्वतःच सांगतो कोण कोणाचं. पण नाती जपून वाचा. त्या काळात "सन-इन-लॉ" म्हणजे सावत्र मुलगाही असायचा, "कझिन" म्हणजे पुतण्या-भाच्यापासून कुणीही, आणि "सीनियर-ज्युनियर" म्हणजे बापलेकच असं नाही, गावातला थोरला जॉन आणि धाकटा जॉन एवढंच, थोरला मेला की धाकट्याला बढती. गरीब माणसं मृत्युपत्र करत नसत, त्यांच्यासाठी पॅरिशचे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचे) सेटलमेंटचे कागद शोधा. गरिबाला पोसायचं कुठल्या गावाने यावरून भांडण असायचं म्हणून जन्म कुठला, चाकरी कुठे केली, हे सगळं त्याच्याकडून वदवून घ्यायचे.

आणि "चाळीस ट्रीजमध्ये असंच आहे" हा पुरावा धरू नका, एकाने लिहिलं, एकोणचाळीस जणांनी कॉपी मारली.

राहिला मुंबईचा जॉन. तो तुमचा असेलच असं अजिबात नाही, नाव जुळलं म्हणून कुणीतरी ओढून आणला असणार, पण हे तपासता येतं. मुंबई इलाख्यातले युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणारं ब्रिटिश सरकारचं जुनं खातं) एन/3 मालिकेत 1709 पासून आहेत, फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर स्कॅनही मिळतात. दफनाच्या नोंदीत आईबाप नसतातच बहुतेक वेळा, त्यामुळे तेवढ्यावर समाधान मानू नका. तो ईस्ट इंडिया कंपनीत रायटर म्हणजे कारकून म्हणून आला असेल तर 1749 पासूनचे अर्ज जे/1 मालिकेत आहेत आणि वय दाखवायला त्या अर्जाला गावच्या पाद्र्याने दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. तुमच्या जॉनच्या वयाला तारीख थोडी उशिराची आहे, पण त्याच्या पोराची किंवा पुतण्याची गोष्ट वडिलांवर चढली असेल तर तो तिथेच सापडेल. कंपनीच्या फौजेतला साधा सैनिक असेल तर जहाजावर चढलेल्यांच्या याद्या बघा, त्या 1753 पासून आहेत.