गणित सोडू नकोस

प्रश्न : मी औसा तालुक्यातली, लातूरला अकरावीत आहे, नीटची तयारी करते. धाकट्या भावाचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता, ऑपरेशन झालं. ‘गिराणात विळीवर भाजी चिरली म्हणून झालं’ असं आजी अजून आईला ऐकवते. परवा वाचलं की पांढऱ्या पेशींची संख्या आणि दुभंगलेला ओठ यांचं जनुकीय नातं शोधतात. आईचं रक्त तपासावं का? असं काम करायला एमबीबीएसच लागतं का? क्लासचे सर म्हणतात, गणित सोड.

उत्तर : रक्त तपासू नका, पैसे वाया जातील. बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. आजचा रिपोर्ट त्या वेळचं काय सांगणार? पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजारांत असतात आणि साध्या तापानेही वाढतात.

संशोधक रिपोर्ट बघत नाहीत, पेशी जास्त किंवा कमी ठेवणारे जनुकीय फरक बघतात. आईबापांकडून यातलं काय वाट्याला येईल, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं जन्माआधीच ठरतं. नंतरचं खाणंपिणं, आजारपण ती चिठ्ठी बदलू शकत नाही. मग हजारो लोकांच्या माहितीत शोधायचं : ‘जास्त पेशीं’ची चिठ्ठी आलेल्यांत दुभंगलेला ओठ जास्त दिसतो का? या रीतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. मला ही युक्ती फार आवडते. पण तिच्यात एक खड्डा आहे. एकच जनुक दोन वेगळी कामं करत असेल, तर दोन गोष्टी जोडीनं दिसतात, पण एकीमुळे दुसरी झालेली नसते. शिवाय अशी बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची. आफ्रिकी वंशाच्या अनेकांत एका जनुकीय फरकामुळे पांढऱ्या पेशी मुळातच कमी असतात आणि ते ठणठणीत असतात. म्हणून युरोपीय लोकांवरून काढलेला आकडा उचलून औशाच्या घराला लावता येत नाही. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने आपल्याकडच्या १०,००० जणांचे जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचलेत, तिथून पुढे कामच काम आहे.

दुभंगलेल्या ओठाशी ग्रहणाचा किंवा विळीचा काही संबंध नाही. हे आजीला पटो न पटो, आईला एकदा स्पष्ट सांग.

आता तुझं. वर सांगितलेलं काम दवाखान्यात होत नाही, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटरवर होतं. एमबीबीएस झालेलेही ते करतात, पण तीच एक वाट नाही. आयसर म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था. त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा ६० प्रश्नांची असते, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित, प्रत्येकी १५. गणित नसेल तर चौथा हिस्सा गेलाच म्हणायचा. आयसर नाही जमलं तर बीएस्सीला संख्याशास्त्र घे, सोबत जीवशास्त्राचा विषय मिळाला तर उत्तम. एमएस्सीच्या प्रवेशाला ‘जॅम’ परीक्षा दे, नंतर संशोधनासाठीची नेट (नीट नव्हे). तिच्यातून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये सुरू होतात. हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची संशोधन संस्था लातूरहून काही परमुलूख नाही. बाबा कमाईचं विचारतील तेव्हा खरं सांग : पीएचडी होईतो सत्ताविशी-अठ्ठाविशी उजाडते.

नीट खुशाल दे. पण सोमवारी कॉलेजात जाऊन जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवता येतात का, ते विचार. सर रागावले तर रागावू देत.