तडीपार: तड कोणती, पार कुठला?

प्रश्न असा आहे: ‘तडीपार आणि हद्दपार यांत फरक काय, आणि बातमीत कोणता शब्द लिहावा?’ सोबत नमुन्याचं वाक्य दिलंय: ‘सराईत गुंडाला दोन वर्षे तडीपारीची शिक्षा’.

फरकाचं नंतर बघू. आधी त्या वाक्यातली ‘शिक्षा’ खोडा. तडीपारी ही शिक्षा नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 55, 56 आणि 57 खाली निघतो तो प्रतिबंधक आदेश. तो न्यायालय काढत नाही. आयुक्तालयात पोलीस उपायुक्त आणि जिल्ह्यात बहुधा प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, काढतात. कलम 56 ला तर आधी गुन्हा शाबीत झालेला असावा लागतच नाही. शिक्षा येते ती आदेश मोडून परत आल्यावर, कलम 142 खाली, दोन वर्षांपर्यंत कैदेची. तरी रोज कोणी ना कोणी तडीपारी ‘ठोठावतंच’.

आता शब्द. तड म्हणजे नदीचा काठ. संस्कृत ‘तट’ची मराठी लेक. दोन स्वरांमधल्या ट चा ड होणं ही आपली जुनी खोड: वटचा वड, घोटकचा घोडा, कीटकचा किडा. ‘पार’ म्हणजे पलीकडचा तीर. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. नाव काठाला लागली की काम ‘तडीस गेलं’, आणि माणूस त्या काठापलीकडे घातला की ‘तडीपार’. एकाच काठावरचे दोन शब्द, एक शाबासकीचा आणि एक हकालपट्टीचा!

याहून मजेची गोष्ट व्याकरणात आहे. तड आणि हद्द दोन्ही स्त्रीलिंगी; सामान्यरूपं तडी- आणि हद्दी-. तडीस, हद्दीत. मग तडीपारच्या जोडीला ‘हद्दीपार’ का नाही? माझा तर्क असा की ‘तडीपार’ मुळात समास नव्हताच. ‘तडी पार करणे’ हा सुटा वाक्प्रचार होता, त्यातला ‘पार’ शब्दयोगी, म्हणून आधीच्या नामाचं सामान्यरूप टिकलं. ‘हद्दपार’ मात्र तयार समास म्हणून घडवला गेला, त्यामुळे विभक्तीची खूण नाही. म्हणजे तडीपार हा बोलीतला, नावाड्याच्या तोंडचा शब्द आणि हद्दपार कचेरीतला. नदी हीच हद्द असेल तिथे दोन्हींचा अर्थ एकच होणार.

‘हद्द’ अरबी, म्हणून हद्दपार टाळा, असं सांगणारे शुद्धिवादी आहेत. त्यांनी आधी कैद, जामीन आणि फौजदार यांना तडीपार करून दाखवावं. उलट टोकाला, कायद्याच्या मराठी मसुद्यात ‘हद्दपार’ आहे म्हणून ‘तडीपार’ अशुद्ध ठरवणारे. मसुदा लिहिणाऱ्यांनी शब्द निवडला म्हणजे भाषेवर मालकी मिळवली असं होत नाही.

याच तटाचं आणखी एक अपत्य म्हणजे ‘तटस्थ’, काठावर उभा राहिलेला. तडीपारीची सुनावणी घेणाऱ्यानं तसंच असायला हवं, पण आयुक्तालयात प्रस्ताव पाठवणारा आणि आदेश काढणारा एकाच खात्यातले. कायद्याला ते चालतं, आणि म्हणूनच कलम 59 महत्त्वाचं. त्यानुसार आदेशाआधी लेखी नोटीस हवी, तिच्यात आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप हवं, खुलाशाची वाजवी संधी हवी. वकील देता येतो. आपले साक्षीदार तपासा असा अर्ज करता येतो. तो केवळ छळ किंवा वेळकाढूपणासाठी आहे असं वाटलं तरच, कारणं नोंदवून, फेटाळता येतो. तपशील मात्र मागून मिळत नाही. साक्षीदार उघडपणे बोलायला धजत नाहीत हाच 56 चा एक आधार असल्यामुळे त्यांची नावं झाकली जातात, आणि सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये हे मान्य केलं.

आदेश कोसळतात ते ठरावीक जागी. नोटिशीत नसलेला गुन्हा आदेशात डोकावतो. ताजा संबंध नसलेली जुनी प्रकरणं मोजली जातात. साक्षीदार घाबरतात ही अधिकाऱ्याची स्वतःची खात्री कुठे नोंदलेलीच नसते. उपद्रव एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत आणि आदेश तीन जिल्ह्यांचा, कारण मात्र दिलेलं नाही. मुदतीचंही तसंच: कलम 58 ची दोन वर्षं ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नव्हे. पूर्ण दोन वर्षं द्यायची तर त्याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये बजावलं. अपील राज्य शासनाकडे, 30 दिवसांत.

हां, मूळ प्रश्न. कागदावर हद्दपार, बोलण्यात तडीपार, अर्थ एकच; बातमीत कुठलाही लिहा. फक्त त्यांच्या जागी ‘स्थानबद्ध’ घालू नका. स्थानबद्ध माणूस कारागृहात असतो. तडीपार माणूस नेमलेल्या हद्दीबाहेर मोकळा फिरतो.