‘चार्टर्ड’ म्हणजे सीए नव्हे

एका आईचं पत्र आहे. मुलगी इंग्लंडमधल्या एका माध्यमिक शाळेत सात वर्षं भूगोल शिकवते आहे. पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचं शिक्षक-प्रशिक्षण, झालंय, क्यूटीएस, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता, आहे, मुलं तिच्यावर खूश आहेत. पण गेल्या वर्षापासून ती फोनवर सारखी म्हणते, ‘आई, मी इथेच अडकलेय.’ मधे कोणीतरी तिला चार्टर्ड जिओग्राफर व्हायला सुचवलं. आई विचारतात: ‘हे सीएसारखं काही असतं का? परीक्षा किती अवघड? झाली तर पगार वाढेल का? की तिने सरळ मुख्याध्यापकपदाच्या दिशेने जावं? तिला न सांगता लिहितेय.’

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. हे उत्तर तिला दाखवा. रागावेल थोडी, पण पुढचं सगळं तिलाच करायचंय.

आता ‘चार्टर्ड’. आपल्या घरांत हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर सीएची परीक्षा येते, आणि ती पास झाल्याशिवाय ऑडिटवर सही करता येत नाही हेही आठवतं. इथे तसं नाही. शाळेत शिकवायला जे लागतं ते क्यूटीएस तिच्याकडे आहेच. चार्टर्ड जिओग्राफर नसल्यामुळे तिचं कुठलंही काम अडत नाही. ही मान्यता लंडनची रॉयल जिओग्राफिकल सोसायटी देते. सोसायटी 1830 सालची. 1995 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश जिओग्राफर्स तिच्यात विलीन झाली. या मान्यतेत शिक्षकांसाठी वेगळी शाखा आहे, तशी जीआयएसवाल्यांसाठीही, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळणाऱ्यांसाठीही, आहे. लेखी परीक्षा नसते. सोसायटीचं फेलो, म्हणजे मान्यताप्राप्त सदस्य, व्हावं लागतं, काही वर्षांचा अनुभव लागतो, आपण भूगोलाचं काम कोणत्या दर्जाचं केलं हे पुराव्यासह मांडावं लागतं, आणि मान्यता मिळाल्यावरही सीपीडी, म्हणजे स्वतःचं शिकणं, चालू ठेवावं लागतं. फी आणि नेमक्या अटी अर्ज करायच्या आधी सोसायटीच्या चालू पत्रकात पाहून घ्या.

पगाराचं स्पष्ट सांगतो: शिक्षकांच्या वेतनश्रेणीत चार्टर्ड जिओग्राफर नावाची पायरी नाही. तिथे पगार वाढतो तो वरच्या वेतनश्रेणीत गेल्यावर, किंवा जबाबदारीचं पद घेतल्यावर मिळणाऱ्या टीएलआर भत्त्याने. विभागप्रमुखपदाच्या मुलाखतीत नावापुढे लागणारी या मान्यतेची अक्षरं कामाला येऊ शकतात, पण आपोआप काही होत नाही. पगार हा एकच हेतू असेल, तर हा रस्ता तिचा नव्हे.

मग कशासाठी करायचं? माझं मत असं, की या मान्यतेचं खरं मोल अर्ज लिहिण्यात आहे. सात वर्षं शिकवणाऱ्या माणसाला आपण काय करतो हे सांगता येत नाही, कारण ते अंगवळणी पडलेलं असतं. माझ्याकडे एक शिक्षिका तीन जाडजूड फायली घेऊन आल्या होत्या. सगळी हजेरीची प्रमाणपत्रं: अमुक कार्यशाळा, तमुक वेबिनार. मी विचारलं, यातल्या एकामुळे तरी तुमच्या वर्गात काय बदललं? बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बदललं ते फाइलमध्ये नाहीये.’

तुमच्या मुलीकडे नेमकं हेच असणार. एक नमुना सांगतो. समजा ती मुलांना घेऊन नदीवर गेली. दहा मीटरची दोरी, तरंगायला एक संत्रं, हातात स्टॉपवॉच. पुस्तकातलं ब्रॅडशॉ मॉडेल सांगतं, की नदी खाली जाते तसा प्रवाहाचा वेग वाढतो. पण तिसऱ्या ठिकाणी संत्रं रेंगाळलं. एका गटाने तो आकडा गुपचूप खोडला आणि मॉडेलला शोभेल असा लिहिला. हे तिच्या लक्षात आलं. ती ओरडली नाही. सगळ्यांना पुन्हा पाण्यापाशी नेऊन विचारलं, इथे असं का होत असेल? मुलांनी पाहिलं, थोडं खाली एक झाड पात्रात आडवं पडलंय, त्याच्या मागे पाणी तुंबलंय. शिवाय त्यांनी वेग वळणाच्या आतल्या बाजूला मोजला होता, जिथे तो कमीच असतो. पुढच्या वर्षी तिने मोजणीचा कागद बदलला: प्रत्येक ठिकाणी पात्राच्या रुंदीत तीन जागी मोजायचं, आणि शेजारी एक रकाना, ‘इथे काय दिसतंय?’

अर्जात हे दोन प्रकारे लिहिता येतं. ‘क्षेत्रभेटीचं यशस्वी आयोजन केलं’ हा एक प्रकार. दुसऱ्यात मुलांनी आकडा का खोडला, त्यातून तिला मुलांच्या समजुतीबद्दल काय कळलं, कागदात काय बदललं आणि पुढच्या तुकडीच्या लिखाणात काय फरक दिसला, हे येतं. पहिलं वाक्य सहल नेणारा कोणीही लिहील. दुसरं भूगोलाच्या शिक्षकालाच लिहिता येतं.

क्षेत्रकामावर मी एवढा भर देतोय त्याला कारण आहे. 2016 पासूनच्या अभ्यासक्रमात जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी परीक्षा) किमान दोन दिवसांचं आणि ए लेव्हलला (बारावीसारखी) चार दिवसांचं क्षेत्रकाम बंधनकारक झालं. ए लेव्हलच्या विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न शोधून केलेल्या तपासाला 20 टक्के गुण असतात, आणि अहवाल साधारण 3000 ते 4000 शब्दांचा. तो प्रश्न धड बांधायला शिकवणं हे भूगोल विभागातलं सगळ्यात कसबाचं काम. तिला ते येत असेल, तर अर्जाचा कणा तिच्याजवळ तयार आहे.

मुख्याध्यापकपदाबद्दल. ‘पुढे जाणं’ म्हणजे वर्गाबाहेर जाणं, असं आपण फार लवकर धरून चालतो. मीही पूर्वी हाच सल्ला द्यायचो, आणि दोन-तीन चांगल्या शिक्षकांना वेळापत्रक नि बजेटच्या टेबलावर बसवून ठेवलं, याचं अजून वाईट वाटतं. व्यवस्थापनाची ओढ असेल तर जरूर जावं; त्यासाठी एनपीक्यूसारखे शाळा चालवायला शिकवणारे अभ्यासक्रम आहेत आणि तिथे चार्टर्ड जिओग्राफरपेक्षा तेच उपयोगी. पण तिने फोनवर ‘अडकलेय’ म्हटलं तेव्हा नेमकं काय कंटाळवाणं झालंय, हे विचारलंत का? वर्ग, की एकटेपणा? बऱ्याच शाळांत अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना भूगोल दुसऱ्याच विषयाचे शिक्षक शिकवतात, आणि खऱ्या भूगोलवाल्याला विषयावर बोलायला माणूस मिळत नाही. दुखणं हे असेल तर पद वाढवून ते जाणार नाही.

त्यावरचा उपाय जुना आहे. 1893 मध्ये काही भूगोल शिक्षक ऑक्सफर्डला जमले ते वर्गात दाखवायच्या लँटर्न स्लाइड्सची (दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर दाखवायच्या काचेवरच्या चित्रांची) आपसांत देवाणघेवाण करता यावी म्हणून, आणि त्यातून जिओग्राफिकल असोसिएशन उभी राहिली. ‘टीचिंग जिओग्राफी’ हे नियतकालिक तीच संस्था काढते. तिने त्यात एक छोटा लेख पाठवावा. नदीवरच्या त्या खोडलेल्या आकड्यावरसुद्धा लेख होईल. दुसरं, एका परीक्षा मंडळासाठी एक उन्हाळा पेपर तपासावेत. पैसे मिळतात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शंभर अनोळखी मुलं एकाच प्रश्नावर कुठे घसरतात ते दिसतं. तिसरं, पीजीसीईला आलेल्या एका नवख्याची मेंटॉर व्हावं. आपण धडा असाच का घेतो हे दुसऱ्याला सांगावं लागलं की अर्जातली निम्मी वाक्यं तयार होतात. जीआयएस येत नसेल तर क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी बसून शिकता येतं.

एक पर्याय नजरेआड होऊ नये: 2017 मध्ये सुरू झालेलं चार्टर्ड कॉलेज ऑफ टीचिंगही चार्टर्ड दर्जा देतं, पण तो शिक्षक म्हणून, विषय कुठलाही असो. लोक ‘काय करतेस?’ असं विचारतात तेव्हा ती ‘मी शिकवते’ म्हणते की ‘मी भूगोल शिकवते’? तुम्ही तिची आई आहात, तुम्हाला माहीत असेल. दुसरं उत्तर असेल तर सोसायटीकडे जावं. दोन्ही एकदम करू नये, नोकरी सांभाळून झेपत नाही.

घाईही नको. एक शैक्षणिक वर्ष नुसती नोंद ठेवावी: दर आठवड्याला एक प्रसंग, पाच-सहा ओळी. काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलणार. वर्षाअखेर त्यातल्या दहा नोंदी निवडून त्या वाचायला द्याव्यात, शक्यतो अशा माणसाला जो भूगोलाचा आहे पण तिच्या शाळेतला नाही. तो म्हणाला ‘यात दम आहे’, तर अर्ज करावा. तो म्हणाला ‘सगळ्या नोंदी एकाच प्रकारच्या आहेत’, तर आणखी एक वर्ष थांबावं, त्यात काही बिघडत नाही.

आणि पुढची क्षेत्रभेट नदीवर असेल तर वहीऐवजी पाण्यात न भिजणारं पॅड घेऊन जायला सांगा. सगळ्यात चांगल्या नोंदी काठावरच सुचतात, आणि घरी येईपर्यंत त्यांचा लगदा झालेला असतो.