मुलगा १८ वर्षांचा झाला की पोटगी आपोआप बंद होते का?

घटस्फोटानंतर मुलाची पोटगी भरणाऱ्या आणि धाकटी मुलगीही असलेल्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा हो, पण तुम्ही विचारताय तसं 'वाढदिवस झाला, पुढच्या महिन्यापासून पैसे बंद' असं परस्पर करू नका. आधी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातून मिळालेला आदेश किंवा संमतीच्या अटी काढून शब्दन् शब्द वाचा. 'सज्ञान होईपर्यंत' लिहिलंय की 'पदवी पूर्ण होईपर्यंत'? परस्परसंमतीच्या घटस्फोटात कॉलेजची फी बापाने भरायची अशी ओळ अनेकदा असते. सही केलीय ना, मग ती पाळावी लागते.

पोटगीबद्दलचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, मुलाला १८ पर्यंतच धरतं. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे तो स्वतःचं भागवू शकत नसेल, तर मात्र १८ नंतरही जबाबदारी राहते.

धाकट्या मुलीचं गणित वेगळं आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च चालवू शकत नसेल, तर लग्न होईपर्यंत ती वडिलांकडे मागू शकते. २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलंय. कमावती झाली की प्रश्न मिटला.

आदेशात आई आणि मुलाची रक्कम एकत्रच असेल, तर मुलाचा वाटा स्वतःच्या मनाने कापू नका. रक्कम बदलून घ्यायला रीतसर अर्ज करा. निकाल लागेपर्यंत भरत राहा, नाहीतर थकबाकीचं वॉरंट निघतं. आणि पैसे बँकेतूनच द्या, रोख नको.